बिनतारी सुरुंग

श्रोतेहो, ज्या लहरींवरून हें भाषण आपल्या घरीं येत आहे, त्यांना खाणींतील सुरुंगवाला आजवर भीतच आला. विजेच्या टोपीच्या दोन तारा एरियलप्रमाणें जवळच्या प्रेषकयंत्राची शक्ति ओढून घेतात. ती पुरेशी झाली तर सुरुंग अवेळीं उडतो.

1831 सालीं विल्यम बिकफर्डनें कॉर्नवॉलमध्यें भरंवशाची वात काढली. पुढें विजेची तार आली आणि माणूस दूर उभा राहूं लागला. पण ती तार जोडावयास कोणी तरी सुरुंगाच्या तोंडाशीं जावेंच लागतें. छत आधींच्या स्फोटानें खिळखिळें झालेलें. दगडाखालीं तार तुटली, तर पुन्हां जा! माझ्या मतें दारूइतकेंच भय या फेऱ्यांत आहे.

ओरिका कंपनीनें तारच काढून टाकली. छिद्रांतील टोपीला लहान ग्राहकयंत्र व बॅटरी जोडलेली असते. नेहमींच्या रेडिओ-लहरी खडकांत खोल शिरत नाहींत, म्हणून आज्ञा अतिमंद कंपनांच्या चुंबकीय क्षेत्रानें धाडतात. ठरलेली सांकेतिक आज्ञा आल्याविना टोपी स्वस्थ असते.

2017 च्या सुमारास कॅनडांतील मसलव्हाइट या सोन्याच्या खाणींत तिचा उपयोग झाला. भरावाचे दगड ढासळूं नयेत म्हणून सोनें असलेल्या खडकाचा खांब राखला, त्यांत सुरुंग आधींच भरून ठेवले आणि शेजारचें काम आटोपल्यावर, आंत माणूस न पाठवितां, तो उडविला. बॅटरीचे दिवस मात्र मोजके. तेवढ्यांतच आज्ञा सुटली पाहिजे.