गडाचा दरवाजा कसा लढतो

गडाला सगळ्यात मोठा धोका त्याच्या दरवाज्याचाच. कडा सहसा कुणाला चढवत नाही, तट फोडायचा तर तोफा डोंगरावर ओढाव्या लागतात. दरवाजा मात्र माणसं, जनावरं, धान्याच्या गोण्या आत-बाहेर जाव्यात म्हणूनच केलेला असतो. म्हणजे जिथे वाट सोयीची हवी, तिथेच ती शत्रूला नडणारीही हवी. सह्याद्रीतल्या गवंड्यांनी हा पेच कसा सोडवला ते बघायला लोहगडासारखी जागा नाही. मळवली स्टेशनावरून पायथ्याची लोहगडवाडी गाठायची आणि पायऱ्यांना लागायचं. वाटेत एकामागून एक चार दरवाजे येतात : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. हनुमान दरवाजा त्यांत सर्वांत जुना मानतात; नारायण दरवाजा नाना फडणवीसांच्या काळातला. एकाच वाटेवर वेगवेगळ्या काळातल्या लोकांनी अडथळे वाढवत नेले, असा हा प्रकार.

चढताना आपण हल्लेखोर आहोत असं धरून चाला. पहिली गोष्ट ध्यानात येते ती म्हणजे वाट सरळ जात नाही. थोडं चढलं की वळण, पुन्हा थोडं चढलं की उलट वळण. वरच्या बुरुजावर जाऊन खाली पाहिलं की या वळणांचा अर्थ उमगतो. वाटेचा प्रत्येक टप्पा वरच्या टप्प्याच्या माऱ्यात आहे. खालून येणारी तुकडी पहिल्या दरवाज्याशी झटत असते, तेव्हा तिच्या डोक्यावर दुसऱ्या दरवाज्याची माणसं उभी असतात. पहिला दरवाजा पडला म्हणजे अर्धं काम झालं, असं इथे नाही. पहिला दरवाजा पडला की शत्रू आणखी अरुंद जागेत शिरतो आणि मागून येणारे त्याला पुढे रेटत राहतात.

वाट अशी वळवतात की चढणाऱ्याचा उजवा, म्हणजे ढालीविना हात तटाकडे राहावा, असं पुष्कळदा सांगितलं जातं. युक्ती पटण्यासारखी आहे. पण हा नियम सगळ्या गडांना सरसकट लावायला मन धजत नाही. डोंगर जिकडे वाट देईल तिकडूनच ती काढावी लागते.

आता खुद्द दरवाजा. मराठी गडांवर ज्याला गोमुखी बांधणी म्हणतात, तिचा उत्तम नमुना रायगडाच्या महादरवाज्यापाशी दिसतो. दोन भक्कम बुरूज असे एकमेकांच्या आड बांधलेत की समोरून पाहणाऱ्याला तट सलग वाटावा. त्यांच्या मधल्या बोळात शिरून वळल्याशिवाय दार नजरेला पडत नाही. याचा पहिला फायदा तोफेविरुद्ध. तोफेचा गोळा बुरुजाला वळसा घालून जात नाही, तेव्हा जे दार दिसतच नाही ते लांबून उडवता येत नाही. दुसरा फायदा धडकेविरुद्ध. ओंडक्याने दार फोडायचं तर माणसांना मागे सरून धावत येता आलं पाहिजे, हत्तीने फोडायचं तर त्याला वेग घेता आला पाहिजे. वळणाच्या आत चार पावलांचीही सरळ धाव मिळत नाही. आणि तिसरा फायदा बोळातच कळतो : तिथे उभ्या राहिलेल्या माणसावर एकाच वेळी अनेक बाजूंनी मारा होतो.

हा मारा होतो जंग्यांतून. तटातलं हे भोक बाहेरून एवढंसं दिसतं. आतल्या बाजूने ते रुंद असतं आणि बाहेर निमुळतं होत जातं, त्यामुळे बंदूकवाला जरा इकडे-तिकडे सरकून नेम बदलू शकतो. बाहेरच्याला मात्र त्या फटीत गोळी घालणं जवळजवळ अशक्य. पुढच्या वेळी गडावर गेलात तर एखाद्या जंगीला डोळा लावून बघा. पुष्कळ जंग्या आडव्या नसून खाली झुकलेल्या असतात आणि डोळ्यासमोर नेमकी वाट येते. कुठली जंगी कुठे पाहते हे बांधणाऱ्याने दगड बसवण्याआधीच ठरवलेलं असतं. आपल्याकडे लोक दरवाज्यावरच्या कमळा-शरभांचे फोटो काढतात आणि जंग्यांकडे पाठ करून पुढे जातात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

दाराच्या फळ्या सागवानी, जाड. कुऱ्हाड आणि आग या दोघांनाही तोंड द्यायचं म्हणून वर लोखंडी पत्रे आणि पट्ट्या. हत्तीची भीती असेल तिथे अणकुचीदार खिळे. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर ते अजून पाहता येतात. बहुतेक गडांवरची मूळ दारं केव्हाच गेली, पण ती कशी चालत ते दगड सांगतो. चौकटीच्या मागे, तळाशी आणि माथ्यावर, गोल खळगे दिसतात. फळीच्या टोकाचा खुंट त्यात बसायचा आणि दार त्यावर फिरायचं. त्याच्या आत, दोन्ही भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं असतात. एकात हात घाला : वीतभरावर दगड लागतो. समोरच्यात घाला : हात खांद्यापर्यंत गेला तरी तळ लागत नाही. अडसराचा लांबलचक वासा दिवसा त्या खोल भोकात पूर्ण सरकवून ठेवायचा आणि दार लावलं की ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवायचा. धक्का दाराला बसला तरी जोर दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर जातो.

मोठं दार लावून घेतल्यावर ये-जा करायला त्यातच एक दिंडी ठेवलेली असे. दिंडीतून जाताना एकेकाने, तेही वाकूनच जायचं. मान आधी आत जाते आणि आतल्या देवडीत पहारेकरी बसलेले असतात. यापेक्षा अधिक सांगायला नको.

एवढा बंदोबस्त झाल्यावर शहाणा शत्रू दरवाज्याच्या वाटेला जातच नसे. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने मोजकी माणसं घेऊन पन्हाळा घेतला तो रात्री कडा चढून. 1665 मध्ये दिलेरखानाने पुरंदर जेरीस आणला तो आधी शेजारचा वज्रगड घेऊन आणि तिथून तोफा डागून. त्या मोहिमेअखेर झालेल्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले आणि त्यांत लोहगडही होता. 1670 मध्ये तो परत स्वराज्यात आला.

शेजारचा डोंगर हा गडाचा वैरी, ही गोष्ट रामचंद्रपंत अमात्यांना पक्की ठाऊक होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात त्यांनी बजावलं आहे की गडाजवळ दुसरा पर्वत असू नये. असलाच तर सुरुंगाने फोडून गडाच्या आटोक्यात आणावा, ते जमत नसेल तर तोही बांधून मजबूत करावा. लोहगडाच्या शेजारी, मधे एक गायमुख खिंड सोडली तर अगदी लगत, विसापूर उभा आहे. लोहगडापेक्षा थोडा उंचच. तो फोडता येण्याजोगा नव्हता. त्यालाही तटबंदी होती, दरवाजे होते.

मार्च 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या हाताखाली कंपनीची फौज या भागात आली. 4 तारखेला तिने विसापूर घेतला. आता तोफा वरच्या अंगाला होत्या आणि खालच्या गडातल्या शिबंदीला पुढचं दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा झाला. ज्या वळणांवर, ज्या जंग्यांवर पिढ्यांनी डोकं चालवलं होतं, त्यांच्यापाशी त्या दिवशी लढाई झालीच नाही. पुढे विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले. लोहगडाचे चारही दरवाजे शाबूत राहिले.