एकादशीचा उपवास, आजारी यकृत आणि चक्कर

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बहुतेक वर्षी योगिनी एकादशीच्या सुमारास पुण्याहून सासवडला जाते, आणि त्यामुळे दिवे घाटाचा चढ, दमट उकाडा, तीस-एक किलोमीटरची चाल आणि उपवास हे सारे एकाच दिवशी वारकऱ्याच्या वाट्याला येते. निरोगी शरीर हा ताण सोसू शकते. दीर्घकालीन यकृतविकार असलेल्या माणसाला मात्र अशा दिवशी, किंबहुना घरी बसून केलेल्या एकादशीलाही, डोळ्यांपुढे अंधारी येऊन भोवळ येण्याचा धोका असतो. घरोघरी या चकरेला ‘पित्त झाले’ किंवा ‘अशक्तपणा आला’ असे म्हणून सोडून दिले जाते, आणि या आजारात नेमके तेच महागात पडते.

चकरेचे पहिले कारण यकृतातल्या साखरेच्या साठ्यात आहे. जेवणातून मिळालेल्या साखरेचा काही भाग यकृत ग्लायकोजेन या रूपात साठवते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात तो थोडाथोडा रक्तात सोडते. निरोगी प्रौढाच्या यकृतात असा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो. सिऱ्हॉसिसमध्ये, म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेमुळे यकृतात कठीण व्रणतंतू वाढून ते गाठाळ होते तेव्हा, हा साठा फार कमी उरतो, आणि म्हणून अशा रुग्णाचे शरीर एका रात्रीच्या उपाशीपोटी चरबी व स्नायू ज्या प्रमाणात जाळू लागते, ते प्रमाण निरोगी माणसात दोन-तीन दिवसांच्या उपासमारीनंतर दिसते. दशमीच्या रात्रीपासून द्वादशीच्या पारण्यापर्यंतचा कडक उपवास त्याच्यासाठी काय असेल, याचा अंदाज यावरून यावा. अमोनिया हा विषारी पदार्थ निकामी करण्याच्या कामात स्नायू यकृताला हातभार लावतात, त्यामुळे झिजलेल्या स्नायूंची किंमत मेंदूलाही मोजावी लागते.

चकरेचे दुसरे कारण रक्ताभिसरणात आहे. कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज पुढे सरकत नाही, आतड्यांकडून येणाऱ्या यकृतशिरेतला दाब वाढतो, आणि त्याच्या परिणामी नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये पोटातल्या रक्तवाहिन्या सैल करतात. बरेचसे रक्त तिथेच साचून राहते. परिणामी पोटात पाणी झालेले आणि पाय सुजलेले असूनही उभे राहताच मेंदूकडे पुरेसे रक्त पोहोचत नाही. बाहेरून पाण्याने भरलेले शरीर आतून मात्र तहानलेले असते. त्यातच पोटातले पाणी उतरवण्यासाठी दिलेल्या स्पायरोनोलॅक्टोन व फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळ्या, तसेच यकृतशिरेतला दाब कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल ही औषधे रक्तदाब आणखी खाली आणू शकतात. ती परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. पण चक्कर येत असल्याचे डॉक्टरांना सांगितले तर मात्रा बदलता येते, आणि उलट्या किंवा जुलाब झाल्यास लघवीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी विचारावे.

उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे घरच्या यंत्रावरही कळते: पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चकरेचे एक कारण हाती लागले असे समजावे आणि ते आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि आधार धरूनच उभे राहावे. ही काळजी क्षुल्लक नाही, कारण या आजारात हाडे ठिसूळ होतात, रक्त गोठायला वेळ लागू शकतो, आणि साध्या पडण्यानेही डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

दिवसा तीन-चार तासांहून अधिक काळ उपाशी राहू नये आणि झोपण्यापूर्वी काही खावे, हा सल्ला यकृततज्ज्ञ आज आग्रहाने देतात. भाकरी आणि वाटीभर दूध एवढ्यानेही रात्रीची उपासमार टळते. ज्यांचे मन एकादशी मोडायला तयार होत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून वरीचा भात, रताळे, केळे, दूध असा फराळ दिवसभरात विभागून घ्यावा. निर्जळी उपवास मात्र करूच नये. उपवासाचे सैंधव मीठ चालते, हा गैरसमज इथे फार रुजलेला आहे; पण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, आणि पोटात पाणी झालेल्या रुग्णासाठी दिवसाची साधारण ५ ग्रॅम मिठाची मर्यादा त्यालाही लागू होते. चक्कर आली की लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पाजण्याची सवयही म्हणूनच या रुग्णांच्या बाबतीत सोडायला हवी. औषधाच्या दुकानातून आणलेली, झोप आणणारी चकरेची गोळी मेंदूवरची गुंगी वाढवते, तर चालून दुखणाऱ्या पायांसाठी घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मूत्रपिंडाला इजा करतात.

वारकरी संप्रदायात माळ घालणारा मद्य वर्ज्य मानतो, म्हणून माळकऱ्याला यकृताचा आजार होणारच नाही असे घरच्यांना वाटते. पण हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, तसेच मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारी यकृतातली चरबी माळ पाहत नाही. निदान लांबते ते पुष्कळदा या समजुतीमुळे आणि आजाराला चिकटलेल्या लाजेमुळे.

काही वेळा मात्र घरी थांबण्यात अर्थ नसतो. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त जात असण्याची शक्यता असते. बोलण्यात गोंधळ, दिवसा झोप आणि रात्री जागरण, पुढे धरलेल्या हातांचे तळवे फडफडणे ही अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचल्याची लक्षणे असतात. ताप आणि पोटदुखी पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याचे सुचवते. यांपैकी काहीही चकरेसोबत दिसले, तर वारी असो वा घर, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत द्यावी.