सोसायटी सही देत नाही, म्हणून विक्री थांबते का?

फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईक मिळाले, भाव ठरला, टोकनही हाती आले, आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, “पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, तेव्हा बघू.” पुढच्या महिन्यात मीटिंग होत नाही. खरेदीदाराच्या कर्जमंजुरीची मुदत संपत येते, तो टोकन परत मागू लागतो. शाखेत अशी प्रकरणे वरचेवर येतात, आणि बहुतेकांचा पहिला समज असा असतो की सोसायटीने ‘ना हरकत’ दिल्याशिवाय फ्लॅट विकताच येत नाही.

हा समज अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, हे तुमची इमारत कोणाच्या जमिनीवर उभी आहे त्यावर ठरते. इमारत भाडेपट्ट्याच्या, म्हणजे लीजहोल्ड जमिनीवर असेल तर जमिनीचा मालक वेगळा असतो. नवी मुंबईत तो सिडको, दिल्लीत बऱ्याच ठिकाणी डीडीए, नोएडात तिथले प्राधिकरण, मुंबईत काही सोसायट्यांच्या बाबतीत सरकार, म्हणजे जिल्हाधिकारी. या मालकाची परवानगी पट्ट्याच्या करारातच लिहिलेली असते. ती नसेल तर विक्री खरोखरच अडते. सोसायटीचे तसे नाही. ती इमारत सांभाळते, देखभालीचे पैसे गोळा करते, सभासदांची नोंद ठेवते. आपल्या मनात मात्र दोघांचे कागद एकाच नावाने बसलेले असतात : एनओसी.

म्हणून पहिले काम म्हणजे मूळ पट्टाकरार काढून वाचणे. तुमच्याकडे नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रत मिळते. त्यात तीन गोष्टी पाहा : पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, हस्तांतराला मालकाची पूर्वपरवानगी लागते का, आणि त्यासाठी शुल्क कसे आकारले जाते. सिडकोचा पट्टा साधारणपणे ६० वर्षांचा, नोएडातला ९० वर्षांचा असतो. उरलेली वर्षे खरेदीदाराच्या बँकेलाही हवी असतात, कारण कर्ज फिटायच्या आधी पट्टा संपत असेल तर कर्ज मिळणे कठीण. दिल्लीत डीडीएचे फ्लॅट फ्रीहोल्ड करून घेण्याची सोय १९९२ पासून आहे. ज्यांनी ती घेतली, त्यांच्यामागची पट्ट्याच्या परवानगीची कटकट संपली. नोएडात मात्र प्राधिकरणाचे हस्तांतरपत्र घ्यावेच लागते. तिथे बिल्डरांनीच प्राधिकरणाचे पैसे थकवल्यामुळे असंख्य घरांच्या नोंदण्या वर्षानुवर्षे अडकल्या, आणि त्यासाठी केंद्राला अमिताभ कांत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तेव्हा नोएडातला फ्लॅट असेल तर सोसायटीशी वाद घालत बसण्याआधी बिल्डरची थकबाकी किती, हे प्राधिकरणाकडून जाणून घ्या.

आता सोसायटी. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट म्हटले आहे की शेअर्स आणि हितसंबंध हस्तांतरित करायला संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही. सभासदाने १५ दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात नोटीस द्यायची, सोबत घेणाऱ्याची संमती जोडायची. हस्तांतर शुल्क ५०० रुपये. त्यावर जो प्रीमियम घेतात, त्याला ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने कमाल २५,००० रुपयांची मर्यादा घातली आहे. लहान गावांत ती त्याहून कमी आहे. गुजरातेत ही मर्यादा विक्रीच्या मोबदल्याच्या अर्धा टक्का किंवा १ लाख रुपये, यांतली जी कमी असेल ती. बडोदा-सुरतेच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे. इतर राज्यांत आपल्या संस्थेचे उपविधी मागून घ्या. सभासदाला ते मागण्याचा हक्क आहे.

मग प्रत्यक्षात अडते कुठे? बँकेत अडते. खरेदीदार कर्ज घेणार असेल तर त्याची बँक सोसायटीकडून पत्र मागते, कारण तिला आपला बोजा सोसायटीच्या दप्तरी नोंदवून हवा असतो आणि फ्लॅटवर जुनी थकबाकी नाही याची खात्री हवी असते. म्हणजे कायद्याने जो कागद लागत नाही, तो बँकेच्या यादीत असतो, आणि सेक्रेटरींना हे चांगले ठाऊक असते. त्यांच्या हातात खरे बळ एवढेच.

ते बळ कमी करण्याचा उपाय म्हणजे थकबाकीचे टोक मोकळे न ठेवणे. समजा, तुमचा फ्लॅट ६० लाखांना ठरला आहे आणि सोसायटी तोंडी १ लाख ८० हजार मागते आहे. तोंडी आकड्यावर वाद घालू नका, लेखी तपशील मागा. तपशील असा निघाला, असे धरू : देखभालीची थकबाकी ४२ हजार, प्रीमियम २५ हजार आणि ‘इमारत विकास निधी’ १ लाख १३ हजार. पहिले ४२ हजार लगेच धनादेशाने किंवा खात्यातून भरा आणि पावती घ्या. त्यातली एखादी रक्कम मान्य नसेल तर ‘हरकत राखून भरत आहे’ असे पत्रात लिहून भरा. प्रीमियम नियमात बसतो. तो हस्तांतराच्या अर्जासोबत द्यायचा. उरलेला निधी कोणत्या ठरावाने, कोणत्या सभेत ठरला आणि सर्व सभासदांकडून घेतला का, हे लेखी विचारा. फक्त घर सोडून जाणाऱ्याकडूनच घेतला जाणारा निधी म्हणजे प्रीमियमच दुसऱ्या नावाने, असे माझे मत आहे. रोख मात्र एक रुपयाही देऊ नका. त्याचा पुरावा मागे राहत नाही.

प्रत्येक अर्जाची पोच हवी. कार्यालयात कोणी शिक्का मारत नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि सोसायटीच्या ईमेलवरही टाका. फोनवरचे बोलणे, जिन्यात भेटून दिलेली आश्वासने पुढे कामाला येत नाहीत. महाराष्ट्रात नव्या सभासदाच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तो सभासद झाला असे मानण्याची तरतूद आहे. सोसायटी अर्जच घेत नसेल तर तो उपनिबंधकांमार्फत पाठवता येतो. हे सगळे मोजले जाते ते पोचेवरच्या तारखेपासून.

दरम्यान खरेदीदाराला बाजूला ठेवू नका. थकबाकी भरल्याच्या पावत्या, सोसायटीला दिलेली पत्रे, शेअर सर्टिफिकेटची प्रत, पट्टाकरार हे सगळे घेऊन दोघांनी मिळून त्याच्या बँकेत बसावे. सोसायटीचे पत्र येत नसेल तर काही बँका वकिलाचे मत आणि सोसायटीला पोस्टाने पाठवलेली बोजाची नोटीस यांवर काम पुढे नेतात. सगळ्या बँका नेत नाहीत, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. विक्रीकरारात ‘मी अमुक तारखेला एनओसी आणून देईन’ असे लिहून देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. ‘मी थकबाकी भरीन, पूर्ण अर्ज देईन आणि त्याची पोच देईन’ असे लिहा. वादातले १ लाख १३ हजार खरेदीदाराने शेअर सर्टिफिकेट नावावर होईपर्यंत राखून ठेवावेत, असे कलम घातले तर त्याचीही भीती जाते.

तुमचेच कर्ज त्या फ्लॅटवर चालू असेल तर ते फेडल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत करायला हवेत. तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते; रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. (सोसायट्यांनाही असे एखादे कलम असते तर हा लेख लिहावा लागला नसता.)

उशिराचा एक फटका पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, तो कराचा. जुन्या घराच्या विक्रीतला दीर्घकालीन नफा नव्या घरात गुंतवला तर करसवलत मिळते. त्यासाठी नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षाच्या आत किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घेतलेले असावे लागते. ज्यांनी आधी नवे घर घेऊन ठेवले आणि मग जुने विकायला काढले, त्यांचे ते एक वर्ष सोसायटीच्या मीटिंगांची वाट पाहण्यात निघून जाऊ शकते, आणि मग सवलत हातची जाते. अशा खातेदारांनी नव्या घराच्या खरेदीला एक वर्ष पूर्ण होण्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, तिच्यापासून निदान सहा महिने आधी सोसायटीला पहिली नोटीस द्यावी आणि आपल्या कर सल्लागाराला ती तारीख दाखवून ठेवावी.