टायर बसवताना जाणारे हात आणि डोळे

आपल्या वस्तीतली किती तरी मुले पंक्चरच्या दुकानात, गॅरेजात, ट्रकवर क्लीनर म्हणून काम करतात. काहींच्या घरापुढेच हवेचा कॉम्प्रेसर आहे. आरोग्याच्या पानावर टायरचे काय काम, असे कुणी विचारील. जखमेच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही नर्सला विचारा. टायर फुटून आलेला माणूस तिच्या लक्षात राहतो, कारण त्याचे हात, जबडा आणि डोळे एकाच वेळी गेलेले असतात.

आधी टायर रिंगवर बसतो कसा, ते पाहू. टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते. कारागीर त्याला बीड म्हणतात. ट्यूबलेस टायरमध्ये ही कड रिंगच्या काठाला घट्ट चिकटली तरच हवा टिकते. हवा भरताना ‘टक्’ असा आवाज दोनदा येतो, तो एकेक कड जागेवर बसल्याचा. पण टायर खूप दिवस पडून चेपलेला असेल, रिंगचा काठ गंजलेला किंवा वाकलेला असेल, तर फट राहते आणि हवा फुसफुसत निघून जाते. गिऱ्हाईक डोक्यावर उभे, कॉम्प्रेसर लहान. मग जुगाड सुरू होतो.

सर्वांत वाईट जुगाड आगीचा. टायरच्या आत पेट्रोल किंवा थिनर टाकायचे, नाहीतर स्प्रे मारायचा, आणि काडी लावायची. आतली वाफ भडकते, तापलेली हवा एकदम फुगते आणि कड रिंगवर जाऊन आदळते. बघणाऱ्याला जादू वाटते. पण त्या क्षणी आत दाब किती चढला, हे कुणालाच मोजता येत नाही. वाफ किती जमली यावर सगळे अवलंबून. पहिल्या वेळी पेटले नाही म्हणून वाकून अजून पेट्रोल ओतणाऱ्याच्या तोंडावर भडका येतो. शिवाय टायर बसला म्हणजे धोका संपला असेही नाही. आत न जळलेली वाफ उरते, वरून आपण कॉम्प्रेसरची ताजी हवा भरतो, आणि असा टायर तापलेल्या ब्रेक ड्रमशेजारी फिरतो. आतले रबरही भाजून कमजोर होते, ते बाहेरून दिसत नाही.

याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे टायर रिंगवर असताना तडा गेलेल्या रिंगला वेल्डिंग करणे. हवा काढली आहे, मग काय होणार, असे लोक म्हणतात. रबर तापले की त्यातून पेटणारा वायू सुटतो आणि तो आत कोंडला की टायर बॉम्बसारखा फुटतो. वेल्डिंग करायचेच तर टायर पूर्ण उतरवून, आणि रिंगला वेल्डिंग करणे मुळात योग्य आहे का, हे जाणकाराला विचारून.

दुसरा जुगाड हवा वाढवत नेण्याचा. ‘अजून थोडी मार, बसेल.’ कारच्या टायरची कड बसवताना ४० पाउंडांच्या वर जाऊ नये, हा टायरच्या धंद्यातला जुना नियम आहे. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडायची आणि कारण शोधायचे. बहुतेक वेळा टायर आणि रिंग यांचे माप जुळत नसते, किंवा कडेची तार तुटलेली असते. तुटलेल्या तारेवर दाब वाढवला की टायर उडतो, आणि कड बसली का हे पाहायला वाकलेला माणूस त्याच्या वाटेत असतो.

ट्रकचे टायर हा तर वेगळाच मामला. त्यांत १०० पाउंड किंवा त्याहून अधिक हवा असते. म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे ४५ किलोचा रेटा. एक फूट लांब, एक फूट रुंद तुकडा धरला तरी साडेसहा टन झाले. जुन्या ट्रकच्या रिंगला लोखंडी लॉक रिंग असते. ती गंजलेली किंवा नीट न बसलेली असेल तर एवढ्या रेट्याने सुटते. हवा भरत असताना तिच्यावर हातोडा मारून ‘बसवणारे’ लोक मी पाहिले आहेत. काही जण लॉक रिंग जमिनीकडे करून ठेवतात आणि आता भीती नाही म्हणतात. मग रिंग सुटली की अख्खे चाकच वर उडते. अमेरिकेत १९८० पासून सरकारी नियम आहे की असे चाक लोखंडी पिंजऱ्यात किंवा तसल्याच मजबूत आडोशात ठेवूनच हवा भरायची, हवेची नळी लांब हवी, तिला पकडणारा क्लिप हवा आणि माणूस चाकासमोर नको. पिंजरा कुठल्याही फॅब्रिकेटरकडे बनतो, पण जाड लोखंडाचा आणि चाकाला न चिकटणारा हवा. मालकाला तो खर्च वाटतो. त्याच्या हाताखाली राबणाऱ्या मुलाच्या हाताची किंमत त्याने कधी काढलेली नसते.

बरोबर पद्धत फार महाग नाही. व्हॉल्व्हची आतली पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय टायरला टॉमी लावू नका. रिंगचा गंज ब्रशने साफ करा. कडेला साबणाचे दाट पाणी किंवा टायरची पेस्ट लावा. ऑईल, ग्रीस, डिझेल लावू नका, त्याने रबर खराब होते. फट राहत असेल तर टायरच्या भोवती मधोमध पट्टा बांधून आवळा, म्हणजे कडा बाहेर सरकतात. सुरुवातीला पिन काढूनच हवा सोडली की ती जोराने आत जाते. कडा जरा धरल्या की पट्टा सोडा आणि मगच पुढची हवा भरा. तरीही बसत नसेल तर मोठी टाकी असलेल्या दुकानात न्या. आणि हवा कमी असताना बराच वेळ पळवलेला ट्रकचा टायर तपासल्याशिवाय पुन्हा भरू नका. त्याच्या बाजूच्या आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात.

आता अपघात झालाच तर. अंगावर आग असेल तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा, जाड सुती चादर किंवा घोंगडे टाका. आग विझली की भाजलेल्या जागेवर नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडा. घड्याळ लावून २० मिनिटे. घरात याच जागी हमखास चूक होते. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल लावले जाते आणि डॉक्टरला ते आधी खरवडून काढावे लागते. बर्फही नको. अंगठी, कडे, मनगटावरचा दोरा लगेच काढा, कारण हात सुजला की ते रुततात. चिकटलेला कपडा ओढू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका.

भाजणे कमी दिसत असले तरी नाकातले केस जळले असतील, आवाज बसला असेल, थुंकीत काजळी असेल तर श्वासनलिका भाजलेली असू शकते. असा माणूस तासाभरापूर्वी नीट बोलत होता आणि आता श्वास घेता येत नाही, असे होते. त्याला थांबवू नका, रुग्णालयात न्या.

टायर फुटून मार लागला असेल तर रक्त येणाऱ्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखे उचलून पाहू नका. घुसलेला तुकडा ओढू नका. डोळ्याला मार असेल तर चोळू नका, दाबू नका, वर कागदी पेला पालथा ठेवून चिकटवा. बोट तुटले असेल तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. माणूस दूर फेकला गेला असेल तर त्याची मान हलवू नका. आणि जो उठून ‘मला काही झाले नाही’ म्हणतो त्याचेही कान, छाती, पोट तपासून घ्या. आतली इजा उशिरा कळते. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नका.

१०८ ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. पोलीस केस आहे, आधी कागद आणा, असे कुणी म्हणाले तर ठामपणे सांगा, जीव धोक्यात असलेल्याला आधी उपचार द्यायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. ही पोलीस केसची नोंद मात्र जरूर करून घ्या, आणि अपघात कामावर झाला असे त्यात लिहायला लावा. ‘घरी पडला’ असे लिहायला मालक सांगतो, ते ऐकू नका. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हा कायदा या देशात १९२३ पासून आहे आणि तो दावा करताना हाच कागद लागतो. दुकानात १४ वर्षांखालचे मूल कामाला दिसले तर १०९८ वर कळवा. फोन करायला पैसे लागत नाहीत.