वावड्या कोण उडवितो?

वावडी म्हणजे कागदी पतंग. संक्रांतीच्या सुमारास मुलुंड-घाटकोपरच्या गच्च्यांवरून ह्या वावड्या उडताना आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिल्या आहेत, व त्यांपैकी पुष्कळांनी स्वतः उडविल्याही आहेत. त्या वावडीचा दोर कोणाच्या तरी हाती असतो, आणि तो धरून मागे मागे गेल्यास उडविणारा सापडतो. परंतु लोकांच्या तोंडी उठणाऱ्या वावडीस असा दोर नसतो. ती हातोहात पुढे जाते, आणि खोटी ठरली म्हणजे जो तो म्हणतो, ‘आम्ही कोठे उडविली? आम्ही तर नुसती पुढे दिली.’ खोटी बातमी रचणारे लोक थोडे असतात. नुसती पुढे देणारे आपण सर्वच असतो. म्हणून ह्या लेखात आम्हांस त्या दुसऱ्या प्रकारच्या लोकांविषयीच लिहावयाचे आहे.

मुंबईस ह्या विषयाचा धडा फार पूर्वी मिळालेला आहे. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात काही रोगी दगावू लागले. डॉ. अकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्याने ती ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ असल्याचे ओळखून उघड सांगितले. ही बातमी खरी होती. तरी प्रथम तिजवर विश्वास ठेवण्यास पुष्कळ जण तयार नव्हते. उलट ज्या बातम्या सर्वस्वी खोट्या होत्या त्या मात्र एका दिवसात गिरणगावभर झाल्या. दवाखान्यात नेलेल्या माणसास डॉक्टर मारून टाकतात. त्याच्या देहातून मोमियाई काढतात. राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले म्हणून तिचा कोप शमविण्यासाठी रोग्यांची काळजे विलायतेस पाठवितात! 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढील काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या जवळपास वस्ती पळून गेली, व तिच्याबरोबर रोगही बाहेर गेला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून जे जुने क्रूस दिसतात त्यांतील कित्येक त्या साथीच्या दिवसांत भाविकांनी उभारलेले आहेत, हे मुलांनी जाता-येता ध्यानात ठेवावे.

हे वाचून ‘ते लोक अडाणी होते’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते ते खरे कारण नव्हे. त्या काळचे सरकार परके होते. 1897 च्या फेब्रुवारीत केलेल्या कायद्याने त्यास अफाट अधिकार मिळाले, आणि घरात शिरून झडती घेणे, रोग्यास आप्तांपासून तोडून नेणे, सामान जाळणे, हे सर्व रयतेस न विचारता चालले. ज्याच्या हेतूविषयी मनात संशय आहे, त्याच्याविषयी कितीही भयंकर गोष्ट सांगा, ती खरी वाटते. म्हणजे वावडीस वारा लागतो तो अविश्वासाचा. ह्याचा पुरावाही त्याच साथीत मिळतो. पुढे निरनिराळ्या जातींनी व समाजांनी आपापली रुग्णालये काढली व आप्तांस रोग्याजवळ राहू दिले, तेव्हा तेथे लोक आपण होऊन येऊ लागले. पुण्याजवळ हडपसर येथे सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत ह्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, आणि त्या सेवेतच रोग लागून सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी निवर्तल्या. लोकांचा विश्वास अशा माणसांनी मिळविला. तो जाहीरनाम्यांनी मिळाला नाही.

आता परके सरकार नाही, आणि शिक्षणही घरोघरी पोहोचले आहे. मग वावड्या का थांबल्या नाहीत? आमचे उत्तर असे की, अविश्वास नाहीसा झाला नाही. त्याने केवळ आपली जागा बदलली. पूर्वी तो राजा व रयत ह्यांच्यामध्ये होता, आज तो शेजारी व शेजारी ह्यांच्यामध्ये शिरला आहे. हा आमच्या पक्षाचा, तो त्यांच्या. हा आमच्या धर्माचा, तो परका, अशी वाटणी एकदा मनात झाली म्हणजे दुसऱ्या बाजूविषयीचे वाईट वर्तमान आपण तपासत नाही, त्याची जणू वाटच पाहत असतो.

आमच्या उपनगरातलेच उदाहरण घ्या. 14 एप्रिल 2020 रोजी करोनाची टाळेबंदी 3 मेपर्यंत वाढविल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी वांद्रे स्थानकाबाहेर हजाराहून अधिक मजूर जमा झाले. गावी जाण्यास गाड्या सुटणार, असे त्यांच्या कानी आले होते. हाताला काम नाही व घर दूर, अशा माणसाने ती गोष्ट खरी मानली ह्यात नवल ते काय? पोलिसांनी लाठ्या चालवून गर्दी हटविली. ही झाली पहिली वावडी. दुसरी तिच्याहून वाईट. स्थानकाजवळ मशीद आहे, एवढ्या आधारावर ही गर्दी मशिदीनेच जमविली, असे संदेश सायंकाळपर्यंत देशभर पसरले. पहिल्या वावडीला भुकेले लोक फसले. दुसरी मात्र पोटभर जेवून घरात सुरक्षित बसलेल्या सुशिक्षितांनी पसरविली. ह्या दोहोंत अधिक दोष कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

कधी कधी अशा वावडीने माणसे मरतात. 2018 साली मुले पळविणारी टोळी आल्याचे संदेश महाराष्ट्रभर फिरत होते. त्यांच्याबरोबर मृत बालकांचे एक छायाचित्र होते; ते वस्तुतः सीरिया देशात 2013 साली विषारी वायूने मारल्या गेलेल्या मुलांचे होते. एक चलच्चित्रही होते. कराचीत पालकांस सावध करण्यासाठी ते मुद्दाम तयार केलेले होते, व त्याच्या शेवटी मूल परत आणून सोडतात असे दाखविले होते. तो शेवट कोणी तरी कापून टाकला. 1 जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांतील एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढेच निमित्त झाले, आणि जमावाने त्या पाचांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्याच दिवशी मालेगावात दुसऱ्या एका कुटुंबावर हाच प्रसंग आला होता. त्यांच्याजवळ लहान मूलही होते. परंतु तेथे काही रहिवाशांनी त्यांस घरात घेतले, व पोलिसांनी जमावास पांगवून त्यांचे प्राण वाचविले. संदेश दोन्हीकडे तेच होते. दार उघडणारी माणसे एकाच ठिकाणी निघाली.

त्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल असे बंधन घातले, आणि पुढे आलेला संदेश ओळखू यावा म्हणून त्यावर खूण केली. फार फिरलेल्या संदेशावर आता दोन बाण दिसतात, व 2020 पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. ह्याचा उपयोग झाला असेलच. परंतु मूळ अडचण निराळी आहे. वर्तमानपत्रात खोटे छापले तर ते सर्वांसमोर असते, व दुसरा कोणी त्याचे खंडन करू शकतो. मोबाइलवरील संदेश पाठविणारा व घेणारा ह्यांवाचून कोणाच्या दृष्टीस पडत नाही. शिवाय तो मामाकडून किंवा जुन्या वर्गमित्राकडून येतो. आपण मजकुरावर नव्हे, मामावर विश्वास ठेवितो. आणि मामाला तो कोणाकडून आला हे मामालाही ठाऊक नसते.

ह्यापुढे ‘आम्हांस राजकारणाशी काय करावयाचे आहे’ म्हणणाऱ्या सज्जनांचा प्रश्न येतो. हा वर्ग आमच्या उपनगरांत मोठा आहे, व आम्ही स्वतः त्यातलेच आहो. नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईकरांनी हाती मेणबत्त्या घेतल्या. पाचच महिन्यांनी, 30 एप्रिल 2009 रोजी लोकसभेचे मतदान झाले, तेव्हा निम्म्याहूनही कमी मतदार केंद्रावर गेले. महानगरपालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली, आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहरास निवडलेला नगरसेवक नव्हता. गटार तुंबल्याची तक्रार आम्ही सर्वांनी केली. निवडणूक का होत नाही, हे विचारलेले आम्हांस थोड्यांकडूनच ऐकू आले. सज्जन असे गप्प बसले म्हणजे मैदानात दोन्ही टोकांचे तेवढे लोक उरतात, आणि समाज दोनच प्रकारच्या माणसांचा बनला आहे असा भास होतो.

दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ती साक्ष दुसऱ्याकडून ऐकलेली असल्यास चालते, अशी सूट तेथे कोठेही नाही. असे असता 2022 च्या सप्टेंबरात आमच्याच हातून ती आज्ञा मोडली. मुले पळविण्याच्या वावड्या तेव्हा पुनः उठल्या होत्या. त्याच महिन्यात सांगली जिल्ह्यातील लवंगे येथे चार साधूंस मारहाण झाली. गाठोडे घेऊन फिरणाऱ्या बायांपासून सावध राहा, असा एक संदेश आम्हांस आला. आम्ही तो ‘खबरदारी म्हणून’ इमारतीतील समूहात व आणखी दोन ठिकाणी पाठविला. आभार मानणारी उत्तरे पुष्कळ आली. दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकावर एका बोहारणीस अडविण्यात आले. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई आठ-दहा वर्षे तेथे येत असे. आमच्या घरातील दोन पातेली तिच्याकडचीच आहेत. तिचे गाठोडे सर्वांसमक्ष सोडविले, तेव्हा आत स्टीलचे डबे व जुनी लुगडी निघाली. कोणी हात उगारला नाही. तिने निमूटपणे सर्व पुनः बांधले, व ती गेली.

तो संदेश खोटा असल्याचे आम्ही त्याच तीन ठिकाणी लिहून कळविले. त्यास दोघांचे उत्तर आले. बोहारीण मात्र आमच्या गल्लीत पुनः दिसली नाही.