बंबातली राख आणि अळूचा वाफा

आपल्या घरी अजून बंब पेटत असेल, तर त्यात रोज काय जाते हे एकदा पाहावे. गोवऱ्या, करवंट्या, तुरकाठ्या यांच्या जोडीला आता दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, जुन्या दाराच्या रंगवलेल्या फळ्या, वायरींचे तुकडे आणि क्वचित सेलसकट मोडकी खेळणीही जातात. पाणी तापते, कचराही संपतो. उरलेली राख मात्र आपण आजीच्या काळातलीच समजतो. तिने भांडी घासतो, ती अळूच्या बुंध्याशी टाकतो, कीड लागू नये म्हणून कडधान्याला चोळतो.

निव्वळ लाकडाच्या राखेत मुख्यतः चुना आणि पोटॅश असते. कचऱ्याची राख निराळी. कागद, रबर, प्लॅस्टिक जळून जातात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये असल्यामुळे आगीने नाहीशी होत नाहीत. थोडा अंश धुराबरोबर जातो, बाकीचा राखेत साठतो. दहा किलो कचऱ्याची एक किलो राख झाली, तर मागे राहिलेला धातू तिच्यात दसपट दाट होतो. पारा तेवढा अपवाद. तो ३५७ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून राखेऐवजी बंबापाशी शेकत बसलेल्यांच्या श्वासात जातो.

जुन्या तैलरंगांत शिसे सर्रास असे. घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या खिडक्या-दारे आज जळणात येत आहेत. वायरीच्या आवरणात शिसे असू शकते, पुन्हा चार्ज होणाऱ्या काही सेलमध्ये कॅडमियम. वाळवीपासून संरक्षणासाठी काही लाकडांत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेले असते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एक कुटुंब असेच लाकूड शेगडीत जाळीत असे. दर हिवाळ्यात घरातील माणसे आजारी पडत, केस गळत. कारण उलगडले ते आर्सेनिक सापडल्यावर, आणि १९८४ साली ही हकिगत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

भांडी स्वच्छ पाण्याने विसळली की बरीचशी राख निघून जाते. माझ्या मते खरी भीती तिच्या धुळीची आहे. ती नखांत अडकते, अंगणात पसरते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातून तोंडात जाते. पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या तुलनेत लहान मुले चार-पाच पट अधिक शोषून घेतात; त्यातही मुलाच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी. आपल्याकडे पांडुरोगाची मुले किती आहेत, हे कोणत्याही दवाखान्यात बसल्यावर कळते. शिशाची निर्धोक अशी पातळी ज्ञात नाही. कॅडमियम पालेभाज्या मुळांतून सहज उचलतात, आणि ते आपल्या मूत्रपिंडात दशकानुदशके राहते.

तेव्हा बंबात न रंगवलेले कोरडे लाकूड, गोवऱ्या, करवंट्या एवढेच घालावे. बाकीचे घंटागाडीत द्यावे. सेल, रंगाचे डबे, फुटलेले थर्मामीटर वेगळे बांधून. कचरा जाळला गेलाच असेल, तर राख कोरडी झाडू नये. ती गार झाल्यावर पाणी शिंपडून ओली करावी आणि पिशवीत बंद करून टाकावी. वाफ्यात, खतखड्ड्यात, विहिरीजवळ नको. वाफ्यात अशी राख वर्षानुवर्षे पडली असेल, तर तेथे पालेभाजीऐवजी फुलझाडे लावावीत.

मुलाचे पोट वारंवार दुखते, शौचाला घट्ट होते, ते चिडचिडे झाले आहे आणि लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नाही, असे असेल, तर घरात काय जाळले जाते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. पुष्कळदा आम्ही ते विचारतच नाही. रक्तातील शिशाची तपासणी शिरेतून रक्त घेऊन करावी. बोटाच्या टोकाला राखेची धूळ असली, तर बोट टोचून घेतलेल्या रक्तात आकडा खोटाच वाढलेला दिसतो. प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक आले, तर शिसे कोठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोहाचे औषध मात्र तपासणीच्या प्रतीक्षेत बंद करू नये.