विश्लेषण : सही लिंकन यांची, पण खरीच त्यांची?

अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या गुलाम-मुक्तीच्या जाहीरनाम्याच्या ४८ छापील प्रती १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जत्रेत विक्रीला आल्या. जखमी सैनिकांसाठी निधी हवा होता. किंमत १० डॉलर. तरीही सगळ्या खपल्या नाहीत! त्यातलीच एक प्रत रॉबर्ट केनेडी यांनी १९६४ मध्ये ९,५०० डॉलरना घेतली. २०१० च्या लिलावात ती सुमारे ३८ लाख डॉलरना गेली.

हे कागद खासगी हातांत कसे?

अमेरिकी अध्यक्षांची कागदपत्रे सरकारी मालकीची ठरवणारा कायदा १९७८ चा. त्याआधी पायउतार होणारे अध्यक्ष आपले कागद घरी नेत. वारसांनी काही जपले, काही विकले. नेमणुकीच्या आणि जमिनीच्या सनदा तर मुळातच ज्याच्या त्याच्या घरी गेल्या होत्या.

फसगत कुठे होते?

बहुतेक वेळा याच जमिनीच्या सनदांत. अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळात त्यांचा इतका ढीग साचला, की १८३३ मध्ये कायदा करून अध्यक्षांच्या वतीने सही करायला चिटणीस नेमण्याची मुभा मिळाली. त्यामुळे लिंकन यांच्या नावाची सनद हाती लागली तर हुरळून जाऊ नका. कागद खरा, शिक्का खरा, नावही अध्यक्षांचेच; अक्षर मात्र चिटणिसाचे. स्वतः लिंकन पत्राखाली सहसा ‘ए. लिंकन’ एवढेच लिहीत, पूर्ण नाव सरकारी दस्तांवर. खासगी पत्राखाली पूर्ण नाव दिसले, की जाणकारांच्या भुवया उंचावतात.

चिटणिसाच्या सहीत निदान लबाडी नसते. जोसेफ कोसी याने विसाव्या शतकात लिंकन यांचे अक्षर असे काही उचलले, की आता त्याच्या बनावट कागदांचेही संग्राहक आहेत. मार्क हॉफमनचे प्रकरण मात्र भयंकर. जुना कागद आणि घरी बनवलेली शाई वापरून त्याने नामांकित तज्ज्ञांना चकवले. बिंग फुटेल या भीतीने १९८५ मध्ये त्याने सॉल्ट लेक सिटीत बाँब ठेवले. दोघांचा जीव गेला. अखेर सूक्ष्मदर्शकाखाली शाईला पडलेल्या बारीक भेगांनी त्याला उघडे पाडले.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

सहीआधी कागदाचा प्रवास विचारावा. तो आजवर कुणाकुणाकडे होता, याची नोंद नसेल तर सही अस्सल असूनही कागद चोरीचा निघू शकतो. २०११ मध्ये बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात एक नामवंत संग्राहकच दस्तऐवज चोरताना पकडला गेला. त्याच्या घरात असे हजारो कागद सापडले.